लॅन्सियाची जॅग्वार कुणी केली? (ब्रिटिश मालिका आणि त्यांची पुस्तकं)

पानगळ

मंडळी, परवा रद्दीच्या दुकानात कॉलिन डेक्स्टरचं 'लास्ट बस टू वुडस्टॉक' मिळालं, चाळीस रुपयांना, मागचं पान फाटलेलं. ऑक्सफर्डचा पोलीस डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर मोर्स, त्याची ही पहिली कादंबरी, १९७५ची. मालिका मी आधीच दोनदा बघितलेली असल्यामुळे डोक्यात मोर्स झालेला जॉन थॉ पक्का बसलेला, पांढरे केस, वैतागलेला चेहरा, ऑपेरा, आणि ती लाल जॅग्वार. पुस्तक उघडलं आणि पहिल्या पन्नास पानांतच गडबडलो. जॅग्वार नाहीच! पुस्तकातला मोर्स लॅन्सिया चालवतो. आणि त्याचा हाताखालचा, आपला साधा, संसारी, मोर्सपेक्षा तरुण लुईस? तो पुस्तकात मोर्सपेक्षा वयाने मोठा आहे, आणि वेल्श. मालिकेत केविन व्हेटलीला घेतलं म्हणून तो ईशान्य इंग्लंडातल्या टाइनसाइडचा झाला.

इथपर्यंत ठीक, मालिकावाले बदल करतातच. पण गंमत पुढे आहे. मालिका आली १९८७मध्ये, आणि त्यानंतर डेक्स्टरने लिहिलेल्या कादंबऱ्यांत मोर्स जॅग्वार चालवायला लागतो आणि लुईस गुपचूप तरुण होतो! म्हणजे लेखकानेच टीव्हीपुढे मान तुकवली. माझ्याकडे नंतरच्या दोन कादंबऱ्या आहेत, त्या वाचताना मला कधी काही खटकलंच नव्हतं, कारण तिथे मला ओळखीचाच माणूस भेटत होता.

त्याहून भारी म्हणजे 'द वुल्व्हरकोट टंग' नावाचा एपिसोड आधी टीव्हीवर आला, डेक्स्टरच्याच कल्पनेवरून, आणि नंतर १९९१मध्ये त्याने त्याचीच कादंबरी लिहिली, 'द ज्युएल दॅट वॉज अवर्स'. कादंबऱ्या एकूण १३ आणि एपिसोड ३३, त्यामुळे पुस्तकं पुरणारच नव्हती म्हणा.

तर काथ्याकूट असा की पुस्तकावरून मालिका हे आपल्याला माहीत आहे, पण मालिकेने पुस्तकच बदलून टाकलं असं अजून कुठे झालंय? आणि झालं तर त्यात पुस्तकाचं नुकसान होतं का? ब्रिटिश टीव्हीपुरतंच बोलू, नाहीतर धागा भरकटेल. रहस्यभेद होणार आहेत, ज्यांनी बघायचंय त्यांनी जपून.

झंप्या

रुमाल टाकून ठेवतोय. पॉपकॉर्न घेऊन येतो.

थेम्सकाठची

मस्त विषय पानगळ! मी ऑक्सफर्डपासून ट्रेनने अर्ध्या तासावर राहते, पाहुणे आले की त्यांना मोर्स टूर दाखवून दाखवून आता पाठ झालीये. एक गोष्ट टूरवाले सांगतातच, की डेक्स्टर स्वतः जवळजवळ प्रत्येक एपिसोडमध्ये कुठेतरी दिसतो, पबमध्ये पाठमोरा बसलेला, कधी जेवणाच्या टेबलावर. लेखक आपल्याच गोष्टीत घरच्या कार्यातल्या आजोबांसारखा कोपऱ्यात बसून मजा बघतोय. ज्याला मालिका आपली वाटत नाही तो असं करेल का?

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेरकथा लिहिणारा जॉन ल कारे. बीबीसीने १९७९मध्ये 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' केलं, सात भाग, त्यातला गुप्तहेर नायक स्मायली म्हणजे अ‍ॅलेक गिनेस. पुस्तकातला स्मायली बुटका, जाडा, कपडे कधी अंगाला नीट न बसलेले. गिनेस काही जाडा नव्हता. पण त्याने भूमिकेची तयारी कशी केली तर ल कारेनेच त्याची जेवणावर गाठ घालून दिली मॉरिस ओल्डफिल्डशी, म्हणजे गुप्तहेर खात्याच्या निवृत्त प्रमुखाशी, आणि गिनेस त्या माणसाचे कफलिंक्स, छत्री, बूट असलं सगळं टिपत बसला. पुढे ल कारे म्हणाला की गिनेसनी स्मायली माझ्या हातातून काढूनच घेतला, लिहायला बसलं की त्याचाच आवाज ऐकू येतो. नंतरच्या त्याच्या कादंबऱ्यांत स्मायली फारसा येत नाही, ते काही उगाच नाही असं मला वाटतं.

आणि त्या मालिकेची सुरुवात आठवते का? एक रिकामी खोली, टेबल, खुर्च्या. एकेक माणूस येतो. कुणी काही बोलत नाही. एक जण फाइल नीट लावतो, एक जण सिगरेट काढतो, आणि शेवटी बिल हेडन येतो, हातात चहाचा कप आणि कपावर बशी झाकलेली, दार पायाने लोटतो. मग पहिलं वाक्य काय तर 'चला, सुरू करू'. बस. त्या चौघांतला एक फितूर आहे हे आपल्याला अजून माहीतसुद्धा नाही, पण बशी झाकलेला तो कप बघून आपण त्या माणसाच्या प्रेमात पडतो. हे पुस्तकात नाहीये. पुस्तक एका शाळेत सुरू होतं, पावसात, नवा मास्तर येतो तिथून. मी दोन्ही सुरुवातींना पैकीच्या पैकी देईन.

खडूस_बोका

जरा थंड पाणी ओततो. हे 'लेखकाने मान तुकवली' वगैरे फार रोमँटिक झालं. मालिका हिट झाली की पुस्तकाच्या कव्हरवर नटाचा फोटो येतो, खप वाढतो, नवा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्याला टीव्हीवरचाच माणूस हवा असतो. मोर्सच्या भरात दीड कोटीहून जास्त लोक तो बघायचे. एवढ्या लोकांना तुम्ही लॅन्सिया विकून दाखवा. धंदा आहे हो.

आणि काय गेलं तेही बघा ना. पुस्तकातला मोर्स बायकांकडे चोरून बघणारा, घाणेरडी मासिकं चाळणारा, चिकट माणूस आहे, बिअरचे पैसे दर वेळी लुईसलाच द्यायला लावणारा. टीव्हीने त्यातला चिकटपणा तेवढा ठेवला कारण तो गोड दिसतो, बाकी सगळं धुऊन इस्त्री करून दिलं. एकटा, हळवा, वॅग्नर ऐकणारा काका. ऑक्सफर्डच्या पिवळ्या दगडावर संध्याकाळचं ऊन. एवढे खून होऊनही कुणाला त्या गावी जाऊन राहावंसंच वाटेल, आणि थेम्सकाठची ताईंचे पाहुणे जातातही 😄

थेम्सकाठची

@खडूस_बोका टूरचे पैसे पाहुणेच देतात, चिंता नसावी. पण इस्त्रीचा मुद्दा मान्य.

चाफेकळी

मालिकेने पुस्तक बदललं याचं एकदम ढळढळीत उदाहरण कुणी दिलं नाही अजून? 'हाउस ऑफ कार्ड्स'! अमेरिकन नव्हे हं, मूळचं, १९९०चं, बीबीसी. मायकल डॉब्जची कादंबरी १९८९ची, आणि हा डॉब्ज स्वतः थॅचरबाईंच्या पक्षात मोठ्या पदावर काम केलेला माणूस, म्हणजे आतल्या गोटातला. कादंबरीत शेवटी फ्रान्सिस अर्कहार्ट मरतो आणि ती पत्रकार मुलगी मॅटी जगते. अँड्र्यू डेव्हिसने पटकथेत हे उलटंच केलं. गच्चीवर मॅटी त्याच्यासमोर उभी, आणि तो तिला उचलून खाली फेकून देतो. आणि पंतप्रधान होतो.

आता डॉब्जची पंचाईत बघा, त्याने खलनायकाला मारून टाकलेलं, पण अख्ख्या देशाने त्याला जिवंत बघितला. मग पुढची कादंबरी लिहिली ती टीव्हीचा शेवट धरून, आणि पहिली कादंबरीसुद्धा नंतर सुधारून नव्याने काढली. खडूस, हा धंदा आहेच, पण मला विचाराल तर डेव्हिसचा शेवट साहित्य म्हणूनही वरचढ आहे. डॉब्जचा शेवट म्हणजे पापाचा घडा भरला छाप. डेव्हिसला ठाऊक होतं की हा माणूस म्हणजे शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आहे, तो आपल्याशी बोलतो, थेट कॅमेऱ्यात बघून, डोळा मारल्यासारखा, आणि आपण प्रत्येक पायरीला त्याचे भागीदार होतो. शेवटी त्याला शिक्षा झाली असती तर आपण निर्दोष सुटलो असतो.

टायमिंग पण कसलं. पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९०ला. अर्कहार्टच्या हातात थॅचरबाईंचा फोटो, आणि तो म्हणतो की कितीही झगमगती राजवट असो, एक दिवस संपतेच, आणि फोटो पालथा घालतो. चार दिवसांनी, २२ तारखेला, बाईंनी खरोखरच राजीनामा जाहीर केला.

झंप्या

आपल्याकडे असं टायमिंग साधायचं तर रोज एक एपिसोड लागेल.

पानगळ

@चाफेकळी अगदी! आणि अँड्र्यू डेव्हिस म्हटलं की १९९५चं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आलंच, जेन ऑस्टेनच्या कादंबरीवरचं. डार्सी (कॉलिन फर्थ) तळ्यात उडी मारतो आणि ओल्या शर्टात एलिझाबेथसमोर येतो, हा सीन ऑस्टेनबाईंनी लिहिलेला नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी पुस्तक वाचताना तिथे आलं की शर्ट ओलाच दिसतो. २०१३मध्ये त्याचा बारा फुटी पुतळा पण लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात उभा केला होता. लेखिकेला जाऊन जवळजवळ दोनशे वर्षं झालेली, ती काय मान तुकवणार.

पण माझी तक्रार शर्टाबद्दल नाहीच. तक्रार पहिल्या वाक्याची आहे. पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते हे जगमान्य सत्य आहे, हे वाक्य पुस्तकात कुणीच उच्चारत नाही, ते हवेतून येतं, आणि त्यातली खोच अशी की सत्य बरोब्बर उलटं आहे, मुलींच्या आयांना जावई हवाय. डेव्हिसने ते एलिझाबेथच्या तोंडी दिलं. झालं, आता ती एका हुशार मुलीची कोटी झाली. पुस्तकात जी बाई सगळ्यांना हसत होती, एलिझाबेथलासुद्धा, तीच गायब. मालिका बघताना मला नेहमी वाटतं की घरात सगळे आहेत पण आजी नाहीये.

चाफेकळी

'आजी नाहीये' 👌 वाचनखूण साठवली.

पण उलटा प्रवास पण बघ ना. हेलन फील्डिंगचा ब्रिजेट जोन्सचा कॉलम १९९५चाच, पुस्तक १९९६चं, त्यात ब्रिजेट ही मालिका बघत बसलेली असते आणि नायकाचं नाव मार्क डार्सी. दुसऱ्या पुस्तकात ती चक्क कॉलिन फर्थची मुलाखत घ्यायला जाते. आणि सिनेमात मार्क डार्सी कोण, तर कॉलिन फर्थ. म्हणजे पुस्तकावरून मालिका, मालिकेवरून पुस्तक, त्या पुस्तकावरून सिनेमा, आणि माणूस एकच. मामेभाऊ, आतेभाऊ आणि साडू एकच निघाल्यासारखं.

नाना_ठाणेकर

नमस्कार मंडळी. मी इथे वाचनमात्र असतो, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला म्हणून लिहितो, थोडं लांबेल. वय झालं, सांभाळून घ्या.

१९८४ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनची 'द ज्युएल इन द क्राउन' आली, चौदा भाग. माझ्या पुतण्याने इंग्लंडहून कॅसेट आणल्या होत्या, टीव्हीवरून टेप केलेल्या, मधे मधे साबणाच्या जाहिराती. त्या आधी मी पॉल स्कॉटच्या चारही कादंबऱ्या लायब्ररीतून आणून वाचल्या होत्या, १९६६ ते ७५ या काळातल्या. त्यामुळे माझा प्रवास पानगळ यांच्या उलट, आधी पुस्तक.

या चार पुस्तकांची गंमत अशी की गोष्ट सरळ कुणीच सांगत नाही. पत्रं, डायऱ्या, जबान्या, कुणी वीस वर्षांनी चौकशी करायला आलेला. १९४२ साली मयापूर नावाच्या काल्पनिक गावात डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज मुलीवर बिबीघर बागेत बलात्कार होतो, आणि तिचा मित्र हरी कुमार याला पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक पकडतो. हा मेरिक चार पुस्तकांत मिळून हजारो पानं व्यापून आहे, पण स्कॉट एकदाही त्याच्या मनात शिरत नाही. तो कायम दुसऱ्याच्या तोंडून कळतो. चाळीत एखाद्या खोलीविषयी सगळे बोलतात पण दार कुणी उघडलेलं नसतं, तसं.

मालिकेने गोष्ट सरळ केली, आधी घडलं ते आधी. त्यामुळे मेरिक पहिल्याच भागात समोर येऊन उभा राहतो, टिम पिगॉट-स्मिथचा चेहरा घेऊन. काम अप्रतिम, ताठ मान, ओठ दाबून बोलणं. पण दार उघडलं गेलं ते गेलंच. आता पुस्तक पुन्हा हातात घेतलं की मला तो चेहरा पुसता येत नाही. स्कॉट १९७८लाच वारले, त्यांना यावर काही म्हणायची संधीच मिळाली नाही. डेक्स्टरसाहेबांचं नशीब थोर.

खडूस_बोका

नाना, लिहीत जा हो, वाचनमात्र काय राहताय.

पण या मालिकेवरचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे ना? सलमान रश्दीने १९८४मध्येच झोडलंय तिला, 'आउटसाइड द व्हेल' निबंधात. देश आपला, इतिहास आपला, आणि आपण त्यात ट्रे घेऊन येणारे. साम्राज्याचा सगळ्यात मोठा अत्याचार दाखवायचा तर तो गोऱ्या मुलीवर झालेला. त्याच काळात 'गांधी' आणि 'पॅसेज टू इंडिया' सिनेमे, सगळीकडे ब्रिटिश राजची आठवण काढून उसासे टाकणं चाललेलं. पांढरे फ्रॉक, डोंगरातले बंगले, जिमखाना. परत तेच, इस्त्री.

नाना_ठाणेकर

बोकेसाहेब, रश्दींचा आक्षेप मला अर्धा पटतो. भारतीय पात्रं कमी आहेत हे खरंच, आणि १९४२चं आंदोलन तर पार खिडकीबाहेर चाललेलं दिसतं. त्या वर्षी माझे वडील सातारा भागात होते, त्यांच्याकडून जे ऐकलं त्याचा मागमूस नाही.

पण हरी कुमारकडे जरा नीट बघा. हा मुलगा इंग्लंडात वाढला, बड्या पब्लिक स्कूलमध्ये शिकला, तिथे तो हॅरी कूमर होता. वडील गेले, पैसा बुडाला, मयापूरला आत्याकडे येऊन पडला. हिंदी येत नाही. आणि मेरिक साध्या घरातला, साध्या शाळेतला. पुस्तकात आपल्याला सांगावं लागतं की हरीचं इंग्रजी मेरिकपेक्षा उच्च आहे. टीव्हीवर आर्ट मलिक तोंड उघडतो आणि एका वाक्यात कळतं! सावळा मुलगा साहेबाचं इंग्रजी बोलतोय, आणि साहेबाला स्वतःचे स्वर सांभाळावे लागतायत. मेरिकचा सगळा द्वेष त्या दोन उच्चारांमधल्या फटीत आहे. हे कागदावर होऊच शकत नाही. तुरुंगातली हरीची चौकशी तर मालिकेने लांबच लांब ठेवली आहे, नुसतं टेबलापाशी बसून बोलणं, पार्श्वसंगीत नाही की काही नाही. तिथे कसली आली इस्त्री.

आपल्याला हे का कळू नये? 'पानी' म्हटल्यावर वर्गात हसलेली मुलं मला अजून आठवतात. मी कोल्हापुराकडचा, शिकायला पुण्यात आलो होतो.

खडूस_बोका

नाना, दंडवत. उच्चारांचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. रश्दीवरचा माझा अर्धा हट्ट मात्र राखून ठेवतो.

पानगळ

नाना, माझ्या धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी झाला.

अवांतर: चेहरा पुसता येत नाही यावरून, आमच्या घरी चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. चिं. वि. जोशींचं पुस्तक मी नंतर वाचलं, आणि सगळं प्रभावळकरांच्या आवाजातच ऐकू आलं. अवांतर समाप्त.

थेम्सकाठची

नानांनी आवाजाचा विषय काढला म्हणून परत मोर्सकडे येते, हे मला लिहायचंच होतं.

डेक्स्टर ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर होता आणि त्याला ऐकू येईनासं झालं म्हणून शाळा सुटली. १९६६मध्ये तो ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात नोकरीला आला. त्याच्या 'द सायलेंट वर्ल्ड ऑफ निकोलस क्विन' मध्ये अशाच एका परीक्षा मंडळात काम करणाऱ्या बहिऱ्या माणसाचा खून होतो. तो क्विन ओठ वाचतो. आणि ओठ वाचणाऱ्याची अडचण म्हणजे प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. आपण शाळेत ओष्ठ्य वर्ण म्हणून पाठ केलेले तेच! आरशासमोर 'पाटील', 'बाटील', 'माटील' आवाज न काढता म्हणून बघा. मी केलं, नवऱ्याला ओळखता आलं नाही.

आता शेवटचं पुस्तक, 'द रिमोर्सफुल डे', १९९९. मोर्स हॉस्पिटलात आहे. मरताना तो नर्सला म्हणतो, माझ्याकडून लुईसचे आभार मान. पण इतक्या हळू, की तिला शब्द नीट कळतच नाहीत. संपलं. तेरा पुस्तकं ज्याला बिअरचं बिल भरायला लावलं, ओरडला, कधी शाबासकी दिली नाही, त्याचे आभार मानले आणि ते त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. आपल्याला माहीत, लुईसला नाही.

टीव्हीवर, २००० साली, मोर्स कॉलेजच्या हिरवळीवर कोसळतो, फॉरे या फ्रेंच संगीतकाराचं संगीत चालू आहे, आणि हॉस्पिटलात तेच शब्द तो म्हणतो, पण पलंगाशी नर्स नाही, वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंज आहे, आणि त्याला ते ऐकू येतात. मग शवागारात लुईस येतो, कपाळावर ओठ टेकवतो, 'गुडबाय, सर'. मी दर वेळी रडते, खोटं कशाला बोलू. पण पुस्तक वाचलं तेव्हा रडले नाही, पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. ऐकू न येणाऱ्या माणसाने लिहिलेला शेवट आहे तो, शब्द तोंडातून निघूनही समोरच्याला न कळणं म्हणजे काय हे त्याला आयुष्यभर माहीत होतं. टीव्हीला ते जमलं नसतं असं नाही, पण दीड कोटी लोकांना आभार पोचलेले हवे होते.

तर पानगळ, जॅग्वार टीव्हीने घेतली, घेऊ दे. हा शेवट मात्र डेक्स्टरने स्वतःकडे ठेवला.

चाफेकळी

😢 आता पुस्तक शोधणं आलं.

खडूस_बोका

माटील.

(काही नाही, डोळ्यात कचरा गेलाय.)

पानगळ

ताई, हे वाचून फाटलेलं मागचं पान चिकटवायला घेतलंय. नाना, त्या कॅसेट अजून आहेत का तुमच्याकडे? साबणाच्या जाहिरातींसकट बघायला आवडेल.

नाना_ठाणेकर

आहेत, माळ्यावर, सुनेने दोनदा फेकायला काढल्या होत्या. प्लेअर मात्र बंद पडून दहा वर्षं झाली. कुणाकडे चालू असेल तर ठाण्याला या, चहा आमच्याकडे, कपावर बशी झाकून देऊ.